मोहाखालचा पाला

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता माझी बायको वारली. मी वाचनालयात होतो आणि वर्तमानपत्रं दांड्यांना लावत होतो. शेजारच्या बाईंचा फोन आला. मी घरी पोचलो तेव्हा बायको अंगणात नळाजवळ पडून होती. बादली भरून पाणी वाहत होतं. मी नळ बंद केला. मग आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला अंगणातच कळलं होतं.

मी सावली नावाच्या गावात एका लहानशा वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. आमची एकच मुलगी. ती तेव्हा नागपूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, वसतिगृहात राहत होती. ती आली, तेरवीपर्यंत राहिली आणि तेरवीनंतरही राहिली. पाहुणे परतले, अंगणातल्या सतरंज्या ज्यांच्या त्यांच्या घरी गेल्या, तरी तिची बॅग पलंगाखालीच होती. एका दुपारी ती म्हणाली,

"बाबा, मी आता नाई जात. शेवटचं वर्ष पुढं पाहू."

"पुढं म्हणजे?"

"पुढं म्हणजे पुढं. तुम्ही एकटे कसे राहान इथी?"

"मी काय लहान आहे का?"

"लहान असते तं बरं होतं. लहान पोरगं भूक लागली की रडते तरी."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. मला चहा येत होता. त्यापलीकडे स्वयंपाकघरात माझं काम डबे वरच्या फळीवरून काढून देण्याचं होतं. पण तिनं वर्ष सोडणं मला मान्य नव्हतं. सुटलेलं वर्ष परत घ्यायला येणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. वाचनालयात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं 'पुढच्या महिन्यात आणतो' म्हणून नेणाऱ्यांची गोष्टही तशीच असते. शेवटी आमच्यात असं ठरलं, की परीक्षेचा फॉर्म दिवाळीनंतर भरायचा आहे, तोवर तिनं जावं. मी नीट राहतो आहे असं तिला वाटलं तर ती फॉर्म भरेल. नाही वाटलं तर फॉर्म न भरता घरी येईल. ठरलं म्हणजे तिनं ठरवलं, मी मान हलवली.

आम्हा दोघांचा स्वभाव फोनला सोयीचा नाही. आमच्या घरात बोलणं बायकोकडून जात असे. मुलगी तिच्याशी बोलायची, मी तिच्याशी बोलायचो, आणि ती एकाचं दुसऱ्याला सांगायची. "पोरगी म्हणते तिची चप्पल तुटली." "बाबा विचारून राह्यले, परीक्षा कधी आहे." एकाच खोलीत बसलेलो असलो तरी. आता मधलं माणूस नव्हतं. रोज संध्याकाळी फोन वाजायचा.

"जेवले का?"

"हो."

"काय?"

"वरण-भात. तू?"

"हो."

मग थोडा वेळ ती माझा पंखा ऐकायची आणि मी तिचा. वरण-भात मी केलेला नसायचा. चहात बुडवून दोन टोस्ट खाल्लेले असायचे. खोटं बोलावं असं मी ठरवलं नव्हतं. प्रश्नाचं उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत 'वरण-भात' असंच होतं, तेच तोंडात येत होतं.

तिसऱ्या आठवड्यात तिनं वेगळंच काढलं. "बाबा, माझा जुना लॅपटॉप कपाटात आहे. काढा अन् सुरू करा."

"कशाला?"

"आपण दोघं खेळू."

तो खेळ मला ऐकून माहीत होता. पाहून नाही. कोरोनात सगळं बंद होतं तेव्हा मुलगी घरी होती आणि मैत्रिणींबरोबर तो खेळायची. माणसं कुठल्याशा रानात अडकलेली असतात, त्यांच्याजवळ काही नसतं, आणि त्यांनी जगायचं असतं. मी खिडकीशी पाठ करून वाचत बसायचो. बायको भाजी निवडायचं सूप मांडीवर घेऊन मुलीच्या मागं बसायची आणि शेंगा मोडता मोडता त्या रानातल्या माणसांचा संसार चालवायची. "लाकडं अजून आण. पाऊस येईन तं काय जाळशीन?" "धान काऊन नाई लावत हे लोक? एवढी जागा पडली आहे." एकदा तिनं विचारलं, "हे इथी एकटे काऊन राह्यले? गावात काऊन नाई जात?" मुलगी म्हणाली, "गावच नाई आई ह्याच्यात." "असं कसं नाई? नदी आहे ना? नदीच्या काठाकाठानं चालत जा म्हणा. नदीले गाव असतेच." दोघी त्यावर बराच वेळ हसल्या होत्या. मी पुस्तकातून मान वर काढली नव्हती.

लॅपटॉप सुरू करायला एक संध्याकाळ गेली, खेळ उतरवायला दोन. तिसऱ्या दिवशी कानाला हेडफोन लावून, तोंडासमोर ती माईकची काडी घेऊन मी त्या रानात उभा राहिलो. माझी बाहुली दाढीवाली होती. मुलीची बाहुली लाल टोपी घालून समोर उड्या मारत होती.

"बाबा, वरच्या कोपऱ्यात तीन गोल दिसते का? पहिला पोट, दुसरा तब्येत, तिसरा डोकं."

"डोकं म्हणजे?"

"एकटं राह्यलं, अंधारात राह्यलं, कच्चं खाल्लं की माणूस भ्रमिष्ट होते. मग नाई ते दिसाले लागते."

"अन् बरं कशानं होते?"

"फुलं तोडली की."

ज्यानं हा खेळ केला तो माणूस मनानं चांगला असला पाहिजे. मी फुलं तोडायला लागलो. पिवळी, लाल, निळी. अख्खं माळरान तोडत गेलो, डोक्याचा गोल काठोकाठ भरला, आणि मी मेलो. पोटाकडं पाहायचं राहून गेलं होतं.

"फुलं तोडून तोडून उपाशी मेलेला माणूस मी पहिल्यांदा पाह्यला," मुलगी म्हणाली.

सुदैवानं त्या खेळात मेलेल्याला दुसरा उठवू शकत होता, त्यासाठी तिला तिचं काही रक्त खर्चावं लागे. पहिल्या आठवड्यात तिनं मला इतकं रक्त दिलं, की शेवटी तिनं नियम केला, दिवसाला दोनदाच.

मी पुस्तकी माणूस, म्हणून आधी सूचनांचं पुस्तक मागितलं. ते नसतं. मग विचारलं, ह्याला शेवट कोणता?

"शेवट नाई, बाबा. राहायचं फक्त."

"किती दिवस?"

"जितके होईन तितके."

हे मला पटलं नाही, पण हळूहळू अंगवळणी पडलं. वाचनालयात पुस्तकांच्या नोंदीची जुनी कोरी कार्डं पडून होती, त्यातली मूठभर घरी आणली. एका वनस्पतीला एक कार्ड. लाल बोरं खावीत. निळ्या टोपीची भूछत्रं शिजवूनच खावीत. शिंगवाल्या प्राण्याच्या वाटेला जाऊ नये. कार्डं अकारविल्हे लावून चपलांच्या रिकाम्या खोक्यात ठेवली. मुलीनं व्हिडिओवर ते खोकं पाहिलं आणि मैत्रिणींना बोलावून दाखवलं. एक मैत्रीण म्हणाली, "काका, आम्हालेही एक कॉपी द्या." ती थट्टा करत होती की नाही, मला कळलं नाही. मी कॉपी करून ठेवली.

अस्वलाच्या बाबतीत मात्र कार्डाचा उपयोग झाला नाही. आमच्या भागात वाघाचं नाव मोठं असलं, तरी रानात जाणारी माणसं अस्वलाला जास्त भितात. वाघ माणसाला पाहून बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतो. अस्वल आधी अंगावर येतं, मग पाहतं. अशा वेळी पळू नये, पाठ दाखवू नये, तोंड तिकडंच ठेवून हळूहळू मागं सरावं, हे इथं सगळ्यांना ठाऊक असतं. खेळात अस्वल आलं तेव्हा मी तेच केलं.

"बाबा, पळा!"

"पळू नये. तू माझ्यामागं ये. मी अडवतो त्याले."

"अहो पळा ना! खेळातल्या अस्वलाले काय माहीत तुमचे नियम!"

मी शेवटपर्यंत पाठ दाखवली नाही. दोन फटक्यांत मेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाई कुंपणापाशी आल्या. "भाऊ, यंदा ड्रामात पार्ट घेतला का?"

आमच्याकडं दिवाळीपासून गावोगावी नाटकं लागतात, आणि त्याआधी महिनाभर घराघरातून माणसं मोठ्यानं संवाद म्हणत असतात. त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता.

"नाई वो बाई."

"मग 'माझ्यामागं ये, मी अडवतो त्याले' कोणाले म्हणून राह्यले होते काल?"

"पोरीले."

"पोरगी तं नागपूरले आहे."

"हो."

बाईंनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि त्या आत गेल्या. त्या संध्याकाळी त्यांच्याकडून वाटीभर आंबाडीची भाजी आली. मग दोन दिवसांनी लाखोरीच्या डाळीची वाटी. मग आणखी. मी वाटी घ्यायचो, फ्रीजमध्ये ठेवायचो आणि चहा टाकायचो. भाजीबरोबर खायला पोळी लागते, डाळीबरोबर भात लागतो, आणि ते करणारं कोणी नव्हतं. टोस्टला काही लागत नाही.

खेळात मात्र मी सुधारलो. सापळे लावायला शिकलो, वाळवण घालायला शिकलो, थंडीची टोपी शिवायला शिकलो. मुलीनं नदीच्या वळणावर झोपडी बांधली होती. तिच्याभोवती सामानाच्या पेट्या, मांस वाळवायच्या काड्या, भोपळ्यांचे वाफे. रोज संध्याकाळी सात ते आठ आम्ही तिथं असायचो. एकदा ती भोपळ्यांना पाणी घालत असताना मी काठाकाठानं चालत निघालो, बराच दूर गेलो. नदी समुद्राला मिळाली आणि जमीन संपली. गाव नव्हतं.

"बाबा, तिकडं काऊन चालले?"

"असंच."

तिनं पुढं विचारलं नाही. मी कशासाठी गेलो होतो ते तिला कळलं असावं. आम्ही दोघंही तिच्या आईचं नाव काढत नव्हतो. काढलं तर कोण कोणाला सावरणार, हे ठरलेलं नव्हतं.

"तुम्ही बरे शिकले आता," ती एकदा म्हणाली. "पोट पूर्ण भरलेलं आहे तुमचं."

पडद्यावर एकाचं पोट दुसऱ्याला दिसायचं. माझ्या नावापुढचा गोल त्या दिवशी खरोखरच भरलेला होता. मी खूश झालो. ही आता फॉर्म भरणार असं मला वाटलं, आणि त्यापुढं मी विचार केला नाही.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दिवाळीत ती दोनच दिवस येऊन गेली होती, तिची आई जाऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून सण नव्हता. त्या दोन दिवसांत मी तिच्या हातचं जेवलो आणि फ्रीज मी आधीच साफ करून ठेवला होता. त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. खेळातला हिवाळा जवळ आला होता. झोपडीच्या मागं एक मोठं झाड होतं, त्याची फळं खाली गळायची, पण वाळलेल्या गवतात आणि पाल्यात ती दिसत नसत. एकेक शोधावं लागे. मुलगी त्या दिवशी खाणीकडं दगड आणायला गेली होती. मी ठरवलं, ही परत येईपर्यंत पेट्या फळांनी भरून ठेवायच्या.

आता इथं थोडं मोहाबद्दल सांगितलं पाहिजे. माझी सासुरवाडी वैनगंगेच्या अलीकडं, धानाच्या पट्ट्यात. सासूबाईंच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, कडेच्या धुऱ्यावर मोहाची दोन झाडं आहेत. होळीनंतर मोह गळायला लागतो. पहाटेपासून फुलं टपटप पडतात आणि ऊन चढायच्या आत ती वेचायची असतात. खाली पाला असला की फूल पाल्यात हरवतं. म्हणून कोणी पाला खराट्यानं झाडून काढतात आणि कोणी सरळ काडी लावतात. पाला जळतो, जमीन काळी आणि मोकळी होते, आणि तिच्यावर मोहाचं फूल लांबून दिसतं. मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा मला जे वाटलं ते इथल्या कुठल्याही माणसाला वाटलं असतं. मी टेंभा पेटवला आणि गवताला लावला.

"बाबा, आपल्याकडं धूर कायचा दिसून राह्यला?"

"पाला साफ करून राह्यलो."

"काऊन?"

"फळं वेचाले."

मग ती अगदी सावकाश म्हणाली, "बाबा. पेटवला का?"

"थोडासा."

थोडासा तो राहिला नव्हता. गवतावरून तो वाळवणाच्या काड्यांवर गेला होता, काड्यांवरून पेट्यांवर. मुलगी धावत आली. मी ओरडत होतो, "हिरव्या फांद्या तोड! फांद्यांनी झोडप! मधली पट्टी मोकळी कर!" आमच्याकडं रानातला वणवा तसाच विझवतात.

"झोडपायचं बटणच नाई ह्याच्यात!"

"मग पाणी टाक!"

"बादली पेटीत होती, बाबा. अन् पेटी जळून राह्यली!"

झोपडी गेली. भोपळे गेले. मी शिवलेली टोपीही पेटीतच होती. शेवटी आम्ही दोघं नदीच्या पाण्यात जाऊन उभे राहिलो, दाढीवाला आणि लाल टोपीवाली, आणि महिनाभराचं बिऱ्हाड जळताना पाहत राहिलो. मी म्हणालो, "बेटा, चूक झाली." कानात काहीतरी घुसमटल्यासारखं ऐकू येत होतं. ती रडते आहे असं मला वाटलं. मग कळलं, ती हसत होती. तिची आई गेली त्या सोमवारनंतर तिला हसताना मी ऐकलं नव्हतं. ती थांबायची, 'थोडासा' हा शब्द पुन्हा म्हणायची आणि पुन्हा सुरू व्हायची. मागून मैत्रिणी विचारत होत्या, काय झालं, काय झालं.

"ह्या खेळात लोकायचे घरं रोज जळत असन," ती म्हणाली. "पण मोह वेचाले पाला पेटवून कोणाचं नाई जळलं."

"तुझी आई तसंच करत होती," मी म्हणालो. बोलून गेलो.

तिचं हसणं थांबलं. मग म्हणाली, "नाई बाबा. आई झाडत होती. खराट्यानं. पाला तुम्ही पेटवला होता."

"मी?"

"मी सातवीत होती. तुम्ही म्हणाले, झाडण्यात एवढा वेळ कायले घालवता, अन् काडी लावली. आजीचा धानाच्या तणसाचा ढीग गेला पूर्ण. आजी तुम्हाले जावई म्हणून काही बोलू शकत नव्हती, म्हणून आईले शिव्या देत होती. अन् आई तुमच्याकडं पाहून हसत होती."

ते सगळं मला हळूहळू आठवलं. बांधीतला धूर, सासूबाईंचं पदर कमरेला खोचणं, हातात खराटा घेऊन उभी असलेली बायको. काडी माझी होती. इतकी वर्षं ती काडी मी तिच्या हातात ठेवली होती, आणि तिनं कधी ती मला परत दिली नाही. मला लॅपटॉपचा पडदा नीट दिसेनासा झाला. तिकडं दार लागल्याचा आवाज आला. मैत्रिणी बाहेर गेल्या असाव्यात. खेळातली आग विझत आली होती आणि आम्ही अजून पाण्यातच उभे होतो.

"बाबा, आज काय खाल्लं?"

"वरण..."

"बाबा."

"चहा. दोन टोस्ट."

"अन् काल?"

"काल तीन."

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "शेजारच्या बाईनं फोन केला होता. म्हणे, पोरी, नऊ वाट्या गेल्या तुझ्या बापाकडं, एक वापस नाई आली."

"रिकामी वाटी कशी देऊ?" मी म्हणालो. कोणाची वाटी रिकामी परत करू नये, निदान गुळाचा खडा तरी घालावा, एवढं मला येत होतं. पण घरात गूळ कुठल्या डब्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"तेच तं. वाट्या अडकल्या म्हणजे घरात काही शिजत नाई. हे तुम्हाले नाई सुचलं, बाईले सुचलं." मग ती म्हणाली, "मंगळवारी फॉर्मची शेवटची तारीख आहे. मी नाई भरला. बॅग अर्धी भरून झाली."

मी नेहमीचं म्हणणार होतो. मी ठीक आहे, तू माझी काळजी करू नको. ते वाक्य तयारच होतं. पण ती माझ्याबरोबर पाण्यात उभी होती, आणि माझ्या नावापुढचा पोटाचा गोल, फळं जळाल्यामुळं, रिकामा झालेला तिला दिसत होता. मी म्हणालो,

"मले स्वयंपाक येत नाई, बेटा. अन् एकट्यासाठी गॅस पेटवाले हात जात नाई."

"हे पहिल्या दिवशी काऊन नाई सांगितलं?"

"तू परत आली असती."

"मी तुम्ही उपाशी आहा म्हणून नाई येऊन राह्यली होती. तुम्ही रोज खोटं सांगता म्हणून येऊन राह्यली होती. इथी बसून मले काय समजन, खरं काय अन् खोटं काय? खरं सांगान तं मी इथूनही पाहू शकते काय करायचं ते."

"सांगीन."

"टोस्ट खाल्ला तं टोस्ट म्हणायचं."

"म्हणीन."

"मग उठा. कुकर कुठी आहे माहीत आहे का?"

"वरच्या फळीवर. मीच ठेवला होता."

"काढा. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. हेडफोन राहू द्या कानाले, वायर पुरते का पाहा." वायर पुरली नाही. मग तिनं मोबाइल लावायला सांगितला. मी तांदूळ धूत होतो आणि ती तिकडून सांगत होती, मी काठावर तुमच्या बाहुलीजवळ शेकोटी पेटवली आहे, काही येणार नाई, तुम्ही सावकाश करा. पहिल्या दिवशी शिट्टी झाल्यावर गॅस बंद करायचा की नाही यावर आमचा वाद झाला. ती म्हणाली तीन शिट्ट्या. मी मोजताना चुकलो. भात खालून लागला. फ्रीजमधली ताजी वाटी काढून मी त्याच्याबरोबर खाल्ली आणि तिला सांगितलं, भात करपला, पण खाल्ला.

"वास येऊन राह्यला इथपर्यंत," ती म्हणाली.

सोमवारी दुपारी तिनं फॉर्म भरल्याच्या पावतीचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. मी वाचनालय बंद करून बाजारात गेलो आणि पहिल्यांदा वांगी निवडून आणली. सहा निवडली, त्यातली चार किडकी निघाली.

मग तो हिवाळा तसाच गेला. खेळातली नवी झोपडी आम्ही दगडाची बांधली. माझ्या हाती टेंभा द्यायचा नाही हा तिचा दुसरा नियम. सात वाजता मी कुकर लावायचो, शिट्ट्या होईपर्यंत लाकडं तोडायचो, आणि ती भोपळे शिजवता शिजवता मला फोडणीचं सांगायची. "आई मोहरी आधी टाकत होती की जिरं?" असं मी विचारायचो, आणि तिला आठवायचं. कधी तिला आठवायचं नाही, तेव्हा आम्ही दोन्ही करून पाहायचो. आम्ही तिच्या आईबद्दल बोलायला लागलो ते असं, मोहरी-जिऱ्यापासून. लाखोरीचं वरण मला महिन्याभरात जमलं. शेजारच्या बाईंच्या नऊही वाट्या मी एकेक करून परत केल्या, प्रत्येकीत काहीतरी घालून. पहिल्या वाटीतलं वरण त्यांनी तिथंच उभ्यानं चाखलं आणि म्हणाल्या, "भाऊ, मीठ तुम्ही टाकलं की नाई, हे सांगा." दुसऱ्या वाटीपासून त्यांनी काही विचारलं नाही.

उन्हाळ्यात मुलीची परीक्षा झाली. ती पास झाली आणि अहेरीला एका दवाखान्यात लागली. तिथं पाळ्या असतात, कधी सकाळची, कधी दुपारची, आणि तिच्या खोलीत नेटवर्क येतं तसं जातं. सुरुवातीला रविवारी खेळायचो. मग महिन्यातून एकदा. मग एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, आज कपडे धुवाचे आहे," मी म्हणालो, "धू," आणि त्यानंतर कोणी लॅपटॉप उघडला नाही. त्याचं वाईट वाटलं नाही. एकदा मी एकट्यानं उघडून पाहिला होता, पण एकट्यानं तो खेळ मला कंटाळवाणा वाटला.

मुलगी अहेरीला असते आणि सुट्टी मिळाली की येते. मी सावलीत एकटा राहतो. दोन वेळा स्वयंपाक करतो. संध्याकाळी फोनवर ती विचारते काय जेवले, आणि मी जे जेवलो असेन ते सांगतो.